दादाचे नवे गुडघे आणि वसंतपूजा

माझा थोरला भाऊ वयाच्या आठव्या वर्षी मांडी घालून बसला, तो सत्तरीला टेकला तरी बसलेलाच होता. मधल्या काळात आंघोळीला, जेवायला आणि स्वतःच्या लग्नाला उठला एवढंच, आणि त्यातही जेवायला नि लग्नाला परत बसावंच लागलं.

दादा घनपाठी आहे. ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगते. वेदातली ऋचा सरळ म्हणता येणं ही नुसती सुरुवात. मग तिचे शब्द एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे असे वेणीसारखे गुंफत, स्वर जरासुद्धा हलू न देता, पोथीकडे न बघता म्हणायचे. हे शिकण्यात अर्धं तारुण्य जातं, आणि शिकून झालं की नातेवाईक विचारतात, आता पुढे काय करणार? दादानं पुढेही तेच केलं. काशीत मंगला गौरीजवळच्या आमच्या घरात सकाळी विद्यार्थ्यांना संथा, म्हणजे एकेक ओळ घोकवून घेणं, आणि संध्याकाळी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर संध्या. दोन्ही कामं मांडी घालून.

मी त्याची धाकटी बहीण. मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवला, लग्न केलं नाही, निवृत्त झाले. घराचा वरचा मजला आणि वाटेल ते बोलण्याची मुभा, दोन्ही माझ्याकडे आहे. वेदाच्या बाबतीत मात्र मी आयुष्यभर दाराआडची श्रोती. दादाच्या संथा ऐकून लहानपणी मला बरंच पाठ झालं होतं, पण ते कुणी कधी विचारलं नाही आणि मीही सांगत बसले नाही.

काशीतल्या आम्हा मराठी घरांमध्ये चैत्र-वैशाखात वसंतपूजा होते. एखाद्या यजमानाच्या दिवाणखान्यात वैदिक मंडळी समोरासमोर दोन ओळी करून बसतात आणि एका ओळीनं सोडलेला धागा दुसरीनं उचलायचा, असा मंत्रजागर चालतो. हाताला गंध, अत्तर, फुलं. मग भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हं आणि दक्षिणा. हरभरे, डाळ आणि पन्हं आम्ही बायका करतो आणि दाराशी उभ्या राहतो. ओळीत कोण कुठे बसणार हे कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. विद्या आणि वय यांचा हिशेब करून प्रत्येकाची जागा ठरते आणि एकदा ठरली की ती माणसाच्या अंगाला चिकटते. दादाची जागा उत्तरेकडच्या ओळीत पहिली. त्याच्या गुरूंच्या माघारी ती त्याला मिळाली होती, आणि आयुष्यात त्याला न मागता मिळालेली ती एकच गोष्ट असावी.

मग गुडघे गेले. आधी तो एक पाय उपरण्याखाली लांब करून बसे. ते दिसायला लागलं तेव्हा गरम शेक, तेलं, रामनगरहून कुणीतरी आणलेला कसलासा लेप. शेवटी एका वसंतपूजेला यजमानांनी ओळीच्या मागे खुर्ची ठेवली. अगदी प्रेमानं. दादा खुर्चीवर बसला आणि त्या दिवसापासून ओळीतून गेला.

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. घरी येताना मी विचारलं, "खुर्चीवर बसल्यानं आवाजात काय फरक पडतो रे दादा?"

"आवाजात नाही पडत," तो म्हणाला. "पण ओळीत शेजाऱ्याचा श्वास कळतो. तो कुठे थांबणार, मी कुठे धरायचं, ते गुडघ्याला गुडघा लागलेला असतो त्यातून कळतं. वर बसून म्हटलं की मी त्यांच्या डोक्यावरून म्हणतो. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

"म्हणजे तू आज म्हटलंच नाहीस?"

"ओठ हलवले," दादा म्हणाला.

आमच्या मंडळींचा नियमही आहे की वेद म्हणताना सगळ्यांची आसनं एका पातळीवर. खुर्चीवरचा माणूस कितीही विद्वान असो, तो पाहुणा. दादाला पाहुणा व्हायचं नव्हतं. त्याला पुन्हा खाली, ओळीत बसायचं होतं. त्यानं गुडघे बदलून घेतले ते या एका गोष्टीसाठी. चालण्यासाठी नाही, जिन्यासाठी नाही. वहिनी म्हणत, "मला विचाराल तर हे सगळे वेद टेबलावर ठेवून म्हणावेत. माझी तरी कंबर सुटेल." कारण त्याला जमिनीवरून उठवायचं काम रोज त्यांचं होतं.

डॉक्टर गंगेपलीकडे, पुलावरून जावं लागतं. त्यांच्या खोलीत तीन भिंतींवर मान्यवरांबरोबरचे फोटो होते आणि चौथ्या भिंतीवर हाडांचं चित्र. चौथी भिंत दाराच्या मागे होती. टेबलावर प्लास्टिकचा सांधा ठेवला होता. तो त्यांनी हातात घेऊन दुमडून दाखवला.

"पंडितजी, साधारण इम्प्लांट कुर्सी तक जाता है. ये हाय-फ्लेक्शन है. ये पालथी तक जाएगा." पालथी म्हणजे आपली मांडी.

दादा त्या सांध्याकडे असा बघत होता की मला वाटलं आता फूल वाहतो की काय. "कितनी देर?" त्यानं विचारलं.

"क्या कितनी देर?"

"पालथी."

डॉक्टर हसले. "जितनी देर आपका मन करे."

मी यायच्या आधी वाचून आले होते. वाचलं त्यात असं होतं की नवा गुडघा किती वाकेल हे बरंचसं जुना किती वाकत होता यावर असतं, आणि साध्या नि या महागड्या सांध्यात सुरुवातीच्या काळात फार फरक दिसतोच असं नाही. आणि खूप वाकवून बसण्यानं तो पुढेमागे सैल होतो का, याबद्दल लिहिणाऱ्यांचं एकमत नव्हतं. मी तेवढं विचारलं.

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं. पढ़ती हूँ."

"पढ़ना बहुत अच्छी चीज़ है," ते म्हणाले आणि सांधा दादाच्या हातात दिला.

कार्तिकस्नान संपल्यावर ऑपरेशन झालं, दोन्ही गुडघ्यांचं. हॉस्पिटलातून घरी आणणं हाच एक अध्याय होता. मैदागिनच्या चौकापुढे गाडी येत नाही, म्हणून दादाला लाकडी खुर्चीत बसवून दोघा माणसांनी गल्ल्यांतून खांद्यावर आणलं. भगवी शाल, कपाळाला गंध, पुढे पुढे वाट करणारा माणूस. लोकांना वाटलं कुठले तरी मठाधिपती चाललेत. एका बाईनं हातातलं लेकरू पुढे केलं आणि त्याचं डोकं दादाच्या पायावर, बरोब्बर टाक्यांवर टेकवलं. दादाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो तिनं आशीर्वाद म्हणून घेतला. दादा घरी आल्यावर म्हणाला, "पदवी मिळायला एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं."

त्यानंतरचे दिवस व्यायामाचे. एक मुलगी यायची, फिजिओथेरपीची. दादाला ‘बाबा’ म्हणायची आणि त्याचा पाय धरून असा वाकवायची की वहिनी देवघरात जाऊन दार लावून घेत. दादा ओरडत नसे. तो घन म्हणायचा. शब्द पुढे, पाय मागे, शब्द मागे, पाय पुढे. दुखणं वाढलं की स्वर चढत. काही दिवसांनी ती मुलगी कोन मोजायची पट्टी काढायच्या आधीच सांगू लागली, "आज बाबा का मंतर कल से नीचे है, आज ज़्यादा मुड़ेगा." आणि तसंच व्हायचं.

शिवरात्रीच्या सुमाराला तो पहिल्यांदा जमिनीवर बसला. आधी गादीवर पाट, पाटावरून गादी, गादीवरून सतरंजी, असा हळूहळू उतरत आला होता. त्या सकाळी त्यानं डावा पाय आत घेतला, उजवा वर आणला, दोन्ही तळहात मांड्यांवर ठेवले आणि पाठ ताठ केली. मांडी लागली. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ पूर्ण सोडून उभ्या राहिल्या. खाली रिकामी बादलीसुद्धा नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट मी कुणालाही आनंदानं सांगते. डॉक्टरांचे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. पण डॉक्टरांनाही ते नाकारले जाऊ नयेत असं फार वाटत होतं.

होळीच्या आधी त्यांनी सोहळा ठेवला. मोठ्या हॉटेलचा हॉल, दाराशी फुग्यांची कमान, आत ज्यांचे गुडघे बदललेत असे रुग्ण पहिल्या रांगांमध्ये, आणि प्रत्येकाच्या छातीला बिल्ला. समई आली, मान्यवर आले, मान्यवरांनी समई लावली, पंख्यानं ती विझवली, पुन्हा लावली. मग गाण्याच्या तालावर एकेक रुग्ण रंगमंचावर चालून गेला. एक आजोबा चालता चालता नाचले. टाळ्या. मग निवेदकानं सांगितलं की आता आपल्यासमोर येत आहेत काशीचे महान वेदमूर्ती, आणि दादाला मधोमध पांढऱ्या गादीवर बसवलं गेलं.

दादानं मांडी घातली. डॉक्टरांनी माइकवरून कोन सांगितला आणि त्याच्या गुडघ्यावर, दुकानदार कापडाच्या ठाणावर थोपटतात तसं थोपटलं. मान्यवर बूट घालून शेजारी उभे होते.

"पंडितजी," डॉक्टर म्हणाले, "एक मंत्र हो जाए."

मी तिसऱ्या रांगेत होते. दादाच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी ओळखते. विद्यार्थ्याची चूक झाली की तो असा थांबायचा. पण मग त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं आणि हात जोडले. ज्यानं आपल्याला परत जमिनीवर बसवलं त्याला नाही कसं म्हणायचं? त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच. त्यानं डोळे मिटले आणि आशीर्वादाची एक ऋचा म्हटली. लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. दादा टाळ्या संपेपर्यंत थांबला आणि राहिलेली म्हटली.

संपल्यावर कॅमेऱ्याचा माणूस वाकून पुढे आला. "बाबा, एक बार और बोल दीजिए. लाइट चली गई थी."

दादानं ती पुन्हा म्हटली.

पुढच्या आठवड्यात मैदागिनच्या चौकात फ्लेक्स लागला. दादाचा गंध लावलेला चेहरा, खाली मांडी, आणि मांडीखाली "अब बैठिए शान से". फोनवर व्हिडिओ फिरू लागला. त्यात ऋचेच्या मागे बासरी वाजत होती. वहिनींना तो भाजीवाल्यानं दाखवला. दादा म्हणाला, "बासरी कुठून आली?" त्याचं सगळं लक्ष चैत्राकडे होतं. रोज पहाटे तो सतरंजीवर बसायचा, आणि रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त बसायचा.

वसंतपूजेच्या चार-सहा दिवस आधी त्याचा शिष्य घरी आला. आता त्याला शिष्य म्हणणंही अवघड आहे, पन्नाशी उलटलेला माणूस, स्वतःचे विद्यार्थी असलेला. पण तो आमच्या घरात वाढला. वहिनींच्या हातचं जेवून दादाकडून सगळं शिकला. गेल्या दोन-तीन वर्षांत मंत्रजागराची व्यवस्था तोच बघतो, आणि दादा खुर्चीवर गेल्यापासून उत्तरेच्या ओळीत पहिला तोच बसतो.

दादा त्याच्यासमोर मांडी घालून बसला. मुद्दामच, मला वाटतं. शिष्यानं ते पाहिलं आणि नमस्कार केला.

"उत्तम झालं गुरुजी. फारच उत्तम."

"यंदा खाली बसणार मी."

शिष्यानं चहाच्या कपाकडे बघितलं. "त्याच संदर्भात आलो होतो. म्हणजे, सभेचं म्हणणं असं पडलं…"

"सभा म्हणजे कोण रे?" मी दारातून विचारलं.

"म्हणजे… सगळेच, आत्या." त्यानं खिशातून फोन काढला, पण सुरू केला नाही. नुसता मांडीवर ठेवला. "गुरुजी, लोकांचं म्हणणं, वेद रंगमंचावर म्हटला. बूट घातलेल्यांच्या मध्ये. टाळ्यांवर. जाहिरातीसाठी. आणि, दोनदा."

"लाइट गेली होती," मी म्हटलं.

"आत्या, मी चेष्टा करत नाहीये. याला विक्रय म्हणतात. वेद विकणं."

"आणि वसंतपूजेत पाकीट मिळतं ते?"

"ती दक्षिणा," तो म्हणाला, आणि खरंच त्याला त्यात काही खटकलं नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो खोटं बोलत नव्हता. हा भेद त्याला दादानंच शिकवला होता, याच खोलीत, मी वरच्या मजल्यावर परीक्षेचे पेपर तपासत असताना.

"खरं आहे," दादा म्हणाला. "मी म्हणायला नको होतं. प्रायश्चित्त सांगा. करतो."

शिष्य गडबडला. तो भांडणाची तयारी करून आलेला दिसत होता, याची नाही. "ते… बसून ठरवावं लागेल. वडीलधाऱ्यांना विचारून. पुढल्या वर्षी बघू. यंदा आपला सत्कार करायचं ठरवलंय. यजमानांनी खास खुर्ची सांगितलीय. मानाची."

"माझ्या जागी कोण बसतंय?"

"क्रमानंच, गुरुजी. सगळे एकेक पुढे सरकतात."

"म्हणजे तू."

"मीच," शिष्य म्हणाला. चहा तसाच ठेवून तो उठला आणि जाताना वहिनींच्या पाया पडला. वहिनींनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा ‘जेवून जा’ म्हटलं नाही.

तो गेल्यावर मी बरंच बोलले. म्हटलं, यातल्या अर्ध्यांच्या घरातले वेद यूट्यूबवर आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यांची पोरं परदेशातल्या सत्यनारायणाला फोनवरून मंत्र सांगतात. म्हटलं, टाळ्या वाजवणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुझ्या तोंडातून बाहेर पडलं ते तेच होतं ना? दादा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तुझं सगळं बरोबर आहे. पण त्यानंही चूक सांगितली नाही ना. मग मी भांडू कशावर?"

"जागेवर भांड."

"जागा भांडून मिळाली तर तिथे बसायला गुडघ्यांपेक्षा जास्त काहीतरी लागेल," तो म्हणाला आणि भिंतीला हात न लावता उठला. ते उठणं इतकं सफाईदार होतं की त्या दिवशी मला ते बघवलं नाही.

वसंतपूजेला तो गेला. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, न जाणं म्हणजे रुसणं, आणि रुसायचं वय गेलं. खुर्ची लाल मखमलीची होती, हातांना सोनेरी रंग दिलेला, लग्नात नवरदेवाला भाड्यानं आणतात तशी. यजमानांनी शाल घातली, नारळ दिला, आणि एक मानपत्र वाचलं. त्यात दादाला ऋषितुल्य म्हटलं होतं, वटवृक्ष म्हटलं होतं, दीपस्तंभ म्हटलं होतं. झाड आणि दिवा दोघांनाही बसायला आसन लागत नाही, हे मात्र खरं. दारामागे मी पन्ह्याचे पेले भरत होते आणि दारातून मला दादाचे पाय दिसत होते. खुर्चीखाली ते नीट, काटकोनात ठेवलेले होते. एवढ्याला साधा गुडघाही पुरला असता.

मग जागर सुरू झाला. शिष्यानं पहिला स्वर लावला, दुसऱ्या ओळीनं उचलला, आणि मला वाटत होतं की आता कुठेतरी अडखळतील, कुणाच्या तरी लक्षात येईल की काहीतरी कमी आहे. कुणी अडखळलं नाही. ओळ दादाशिवाय सुरेख म्हणत होती. त्यानंच शिकवलेली होती ना. दादाचे ओठ यंदा हललेसुद्धा नाहीत. तो शाल सावरत बसला होता, नारळ मांडीवर धरून, आणि मान्यवर जसे दिसतात तसा अगदी हुबेहूब दिसत होता.

घरी परत येताना वहिनींनी विचारलं, "कसं झालं?" तो म्हणाला, "पन्हं छान होतं." पन्हं मी केलं होतं. मी त्याला कधीच सांगणार नाही की त्या दिवशी मी मीठ घालायला विसरले होते.

पावसाळा संपताना शिष्य परत आला. या वेळी जिना चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठड्याला धरून. मी वरून बघत होते. हा चढण्याचा प्रकार आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तो खाली बसला नाही. दारातल्या स्टुलावर बसला.

"कधीपासून?" दादानं विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. आता जागराला बसलो की शेवटी शेवटी काही सुचत नाही, गुरुजी. स्वर सुटतो." मग जरा थांबून म्हणाला, "त्याच डॉक्टरांना दाखवलं. तेच इम्प्लांट म्हणालेत. तारीख ठरलीय."

"बरं केलंस."

"त्यांना आधीच सांगून टाकलंय. फोटो नाही, कार्यक्रम नाही, काही नाही." हे त्यानं अभिमानानं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कुणाच्या घरी बसून सांगितलं. तो स्टुलावरून खाली फरशीकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "शहाणा आहेस. दुसऱ्याचं बघून शिकलास."

"अगं, असू दे," दादा म्हणाला. मग त्याच्याकडे वळून, "काय विचारायला आलास?"

"मांडी. डॉक्टर म्हणतात येईल. पण कशी आणायची ते नाही सांगत. आपण कसं केलंत?"

मला वाटलं दादा म्हणेल, फिजिओवाल्या मुलीला विचार. मी त्याच्या जागी असते तर तेही म्हटलं नसतं. दादानं मात्र सतरंजी ओढली. "बघ," तो म्हणाला. "आधी डावा. उजव्याची घाई करायची नाही. डावी टाच इथे येईपर्यंत श्वास सोडायचा, ओढायचा नाही. दुखलं की घन धर, सोपा धर, अवघड नको. आणि पाठ. पाठ वाकली की सगळं वजन गुडघ्यावर येतं." एकेक सांगत तो बसत गेला, शिष्य स्टुलावरून पुढे झुकून बघत होता, आणि दादा म्हणाला, "आता तू सांग मला, मी काय म्हटलं?" शिष्यानं सगळं परत म्हणून दाखवलं. संथा तशीच देतात. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं तेच परत म्हणायचं.

"उजव्याच्या वेळी श्वास म्हणालास ते चुकलं. डाव्याच्या वेळी," दादा म्हणाला. शिष्यानं ते सुधारून पुन्हा म्हटलं.

तो गेल्यावर वहिनी पहिल्यांदाच संतापून बोलल्या. "स्वतःच्या जागेवर बसायला शिकवलंत तुम्ही त्याला. कळतंय का?"

"कळतंय," दादा म्हणाला. "चुकीचं बसला तर ओळ बिघडेल."

शिष्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आणि तो दादापेक्षा लवकर बरा झाला, वयानं तरुण ना. पुढच्या चैत्रात तो उत्तरेच्या ओळीत पहिला बसला, पाठ ताठ. प्रायश्चित्ताचा विषय कुणी काढला नाही. दादानं एकदा निरोप पाठवून विचारलं होतं. उत्तर आलं, बसून ठरवू. यजमानांनी मखमलीची खुर्ची पुन्हा सांगितली होती. दादानं या वेळी कळवलं की बरं वाटत नाही. ते खरं नव्हतं. त्या संध्याकाळी तो पंचगंगेवर गेला, सगळ्या पायऱ्या धडधाकट उतरला आणि वर आला. एवढं तर साध्या गुडघ्यानंही झालं असतं, असं मी मनात म्हटलं, आणि मग माझ्याच मनाची मला किळस आली.

वैशाखात डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं. या वेळी खोलीत चार-पाच शिकाऊ डॉक्टर होते. दादाला टेबलावर झोपवलं, पाय दुमडला, पट्टी लावली, कोन वाचला. एकमेकांकडे बघून त्यांनी माना हलवल्या. एक्स-रे दिव्यासमोर धरला. सांधा घट्ट, जागच्या जागी.

"बहुत बढ़िया. दर्द?"

"नहीं."

"सीढ़ी?"

"चढ़ता हूँ."

"और पालथी? मारते हैं?"

"रोज़," दादा म्हणाला.

"देखा?" डॉक्टर शिकाऊंकडे वळले. "कहाँ बैठते हैं, पंडितजी? पूजा में?"

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. "घर में," तो म्हणाला.

शिकाऊंपैकी मागे उभ्या असलेल्या मुलीनं मान खाली घालून ते लिहून घेतलं.